माघारी आलेली गोळी

ओल्या मडक्याचा वास आला की तो दुष्काळ आठवतो. वडिलांनी आंब्याच्या रोपांजवळ मडकी पुरली होती. टँकरचं पाणी त्यांतून हळूहळू मुळांना पाझरायचं. त्याच साली पायाची जखम चिघळत असतानाच त्यांनी शुगरची गोळी बंद केली, कारण ती शौचातून अख्खी बाहेर पडलेली दिसली. मी त्यांना बळेच साखर कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. “सायब, तुमची गोळी माघारी आली,” म्हणत त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी गोळी ब्लेडनं चिरली. आत पोकळ, नुसतं टरफल! “औषध दिवसभर झिरपून संपलं, बाबा.” वडिलांनी ते टरफल चिमटीत धरलं. “म्हंजे आमचं मडकंच की वो! एवढं बारीक कुणी घडवलं?” तिथंच नवी गोळी गिळून त्यांनी पोटावर हात ठेवला. आज तीच गोळी घेतली की माझाही हात पोटावर जातो.