दोन तळ्यांचे बेडूक

माझी मुलगी जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. गेल्या पावसाळ्यात तिला बेडकांच्या पोटातल्या जंतांवर काम मिळालं. बेडूक एकाच जातीचे, पण राहायचं पाणी वेगळं असलं तर जंतही वेगळे असतात का, ते बघायचं. बेडूक मारायचे नव्हते. रात्रभर बरणीत ठेवायचे, विष्ठा डबीत घ्यायची, मग सोडून द्यायचे. विष्ठेतली जंतांची अंडी मायक्रोस्कोपखाली दिसतात.

तिच्या वडिलांनी पहाटे काही बेडूक गावतळ्यातून आणले, काही माझ्या थोरल्या दिरांच्या शेततळ्यातून. तिने बरण्यांवर खुणा करून त्या ओसरीत मांडल्या आणि वडील सकाळीच मंठ्याच्या बाजाराला गेले.

पावसाने तेव्हा ओढ दिली होती. आमच्याकडे अशा वेळी लिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून मुलं 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत घरोघर धोंडी मागतात आणि नंतर तो पाण्यात सोडतात. बेडूक कोरडा राहिला तर पाऊस रुसतो, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मानतात. आम्ही मायलेकी गोठ्यात शेण काढत होतो, तेवढ्यात त्यांनी सगळ्या बरण्या गुरांच्या हौदात रिकाम्या केल्या. एकही डबी भरली नव्हती.

"आजी, कोणता कुठला, आता कसं कळंल?"

"बेडकाला कशाला पाह्यजे गाव? पाऊस का येईना, ते आता समजलं मला."

मुलगी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी डब्या दिल्या नसत्या तर काम दुसऱ्या मुलीकडे जाणार होतं. गावतळं मोकळं होतं, पण शेततळ्याच्या जाळीला कुलूप. ती किल्ली मागायला गेली, तर दिरांनी, "जंत बघायला कॉलेजात घातलं का तुला?" म्हणून परत पाठवली.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी दिरांसमोर बोललेच नव्हते. काही असलं तर जावेकडून सांगायचं. जाऊ माहेरी टेंभुर्णीला गेली होती. मी पदर नीट केला आणि त्यांच्या घरी गेले.

"भाऊजी, शेततळ्याची किल्ली पाह्यजे."

बोललं कोण म्हणून त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं.

"रस्सा करून राह्यल्या का बेडकांचा?"

"केला तर पहिली वाटी तुम्हाला. किल्ली द्या, पोरीचं काम अडलंय. न्हाई दिली तर मी इथून उठत न्हाई." आणि मी खरंच उंबऱ्यावर बसले.

ते हसले आणि चपला घालून निघाले. "कुलूप गंजलंय. तुमच्यानं निघायचं न्हाई."

संध्याकाळपर्यंत दोन्ही तळ्यांचे बेडूक पुन्हा बरण्यांत आले. त्या रात्री बरण्या मी उशाशी घेतल्या. बेडूक सकाळी पाण्यातच जाणार, असं सांगितल्यावर आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने त्यांच्यावर पाणी शिंपडलं.

पुढे कॉलेजातून मुलीचा फोन आला. गावतळ्याच्या बेडकांत चपट्या जंतांची अंडी भरपूर, शेततळ्याच्या बेडकांत जवळजवळ नाहीतच. हे जंत आधी गोगलगायीच्या अंगात वाढतात. मला एका ऐकण्यात पटलं. गावतळ्यावर धुणं धुताना गोगलगायी पायाला लागतात. शेततळ्याला खाली नवा प्लास्टिकचा कागद आहे. तिथे ना गाळ, ना शेवाळ, मग गोगलगाय राहील कुठे?

जाऊ परत आली होती. "मी सांगते त्यांना," ती म्हणाली.

"नको, मीच सांगते."

ऐकून दीर खूश झाले. "म्हंजी आपले बेडकं एकदम साफ!"

"साफ न्हाईत, भाऊजी. चपटे न्हाईत एवढंच. गोल जंत तुमच्याकडंही हायेत."

जाऊ तोंडाला पदर लावून हसत राहिली. मी मात्र गोल जंतांचंही पुरतं सांगूनच उठले.