जिन्याजवळची वही

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, जिन्याजवळचं टेबल रिकामं का? वही कुठे गेली?" तुमच्या आईला ऑफिसला निघायचं होतं, म्हणून मी विषय बदलला. आता क्रमाने लिहिते.

तुम्हाला माहीत आहे, मी बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. भेटायला आलेल्याचं नाव, गाव, येण्याची आणि जाण्याची वेळ वहीत लिहिल्याशिवाय कोणी आत जात नसे. निवृत्तीनंतर वरची खोली भाड्याने द्यायला लागले, फक्त मुलींनाच, तेव्हा ही सवयही घरी आली. दोन वर्षांपूर्वी तिथे एक तरुण वकीलबाई राहायला आली. धडगावच्या पुढच्या पाड्यावरची, घरातली शिकलेली पहिलीच. वनजमिनीचे दावे चालवते. रविवारी जीपने तिची माणसं यायची, चपला जिन्याखाली काढायची आणि माझ्या टेबलापाशी थांबायची. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची नावं मीच विचारून लिहायची.

मग नव्या सुरक्षा कायद्याची चर्चा सुरू झाली. सरकार स्वतःच एखादी संघटना बेकायदेशीर ठरवणार आणि तिला मदत करणाऱ्यालाही धरणार, जामीन सहजी नाही. माझा इंग्रजी पेपर दुपारच्या गाडीने शेठजींच्या किराणा दुकानात येतो. त्यात एक निवृत्त न्यायाधीश लिहायचे की सरकारच्या निर्णयाची तपासणी करणारं मंडळही सरकारच नेमणार, मग तपासणी कसली? टीव्हीवर मात्र रोज संध्याकाळी ओरडा असायचा, की दहशतवाद्यांचे साथीदार आपल्याच गल्लीत भाड्याने राहतात, घरमालकांनो, डोळे उघडे ठेवा. मी दोन्ही बाजूंची कात्रणं तारखेनुसार लावत होते. पण खरं सांगायचं तर मला टीव्ही जास्त पटत होता. स्फोटानंतरचे फोटो मी आयुष्यात पुष्कळ पाहिलेत.

सकाळच्या चहाला वकीलबाईशी माझी खडाजंगी व्हायची.

"ज्यानं काही केलं नाही, त्यानं घाबरायचं कशाला?" मी म्हणायची.

"आजी, केलं की नाही हे ठरवणार कोण?"

"कोर्ट."

"कोर्टापर्यंत पोचेतो माणूस आत असतो. त्याच्या शेतातली ज्वारी काय तुम्ही कापणार?"

"मी नाही, पण तू एवढी तोंडाळ आहेस, तू कापशील."

ती हसायची आणि माझं बिस्किट उचलायची.

तरी त्याच दिवसांत मी वहीत एक नवा रकाना आखला. शेरा. कोण काय घेऊन आला, कोण किती वेळ बसला. 'पिशवीत नकाशा.' 'तिघांच्या पायात एकसारखे बूट.' 'दार लावून बोलणे, पाऊण तास.' मला वाटे, उद्या काही झालं तर निदान आपले कागद नीट असतील. आणि मूर्खपणा असा की शेठजींच्या दुकानात पेपर घेताना मी हे चारचौघांत सांगितलंसुद्धा. "आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं." शेठजी म्हणाले, "बाईंचं काम म्हणजे पक्कं."

आठवड्याभरात साध्या कपड्यांतला एक पोलीस दारात. भाडेकरूची पडताळणी करायची, म्हणाला. वकीलबाई कोर्टात होती. मी विचारलं, "लेखी काही?"

"काय बाई! मन्ही मोठी बहीण तुमनाच होस्टेलमा व्हती. तुम्ही तं आमना घरनाच." मग तो शुद्ध मराठीवर आला. "तुम्ही वही ठेवता म्हणे. सहज बघू द्या."

"आदेश आणा, जावक क्रमांकासह. मग देते."

"नव्या कायद्यात एवढं लागत नाही, बाई."

ते खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. सगळी कात्रणं जपून ठेवणाऱ्या मला हे सांगता येईना. "तरी आणा," मी म्हटलं. तो हसला, कपाळाचा घाम पुसला आणि पाणी मागितलं. दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायचं कसं? मी आत गेले. पाण्याबरोबर चहाही टाकला. इतक्या वर्षांची सवय. बाहेर आले तेव्हा तो जिन्याजवळ उभा होता आणि मोबाइल खिशात घालत होता. वही टेबलावर बंद होती. पण मी ती नेहमी टेबलाच्या कडेला समांतर ठेवते. ती तिरपी होती.

चहा पिऊन तो गेला. जाताना पाया पडला.

वकीलबाई आल्यावर मी सगळं सांगितलं आणि वही पुढे केली. तिने शेऱ्याचा रकाना पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ ती वाचत राहिली.

"हे बूट बाजारातल्या एकाच ढिगातले आहेत, आजी. माझेही तिथलेच." ती हसली नाही. पान उलटलं. "आणि दार लावलं, कारण ती बाई लेकराला पाजत होती."

"फाडून टाकू?"

"आता फाडलंत तर म्हणतील, काहीतरी लपवलं. असू द्या." मग हलकेच म्हणाली, "एकोणचाळीस माणसं आहेत यात. नाव, गाव, वेळ. सगळ्यांचे दावे चालू आहेत. यांतल्या एकाला जरी चौकशीला नेलं, तर बाकीचे कोर्टात पाऊल टाकणार नाहीत. जमीन गेली."

मी म्हटलं, त्यांना मी स्वतः सांगेन. ती नको म्हणत होती, घाटात मला चक्कर येते हे तिला माहीत. पण रविवारी मी तिच्याबरोबर जीपमध्ये बसले, दोन बायकांच्या मधे, मांडीवर कोणाचं तरी कोंबडं. पाड्यावर लोक एका ओट्यावर जमले. मी मराठीत सांगत होते, ती त्यांच्या पावरी बोलीत. पोलिसाने फोटो काढले असतील, कदाचित नसतीलही. बोलावणं आलं तर एकट्याने जाऊ नका, आधी हिला कळवा. आणि शेरे माझे आहेत, त्यांना माझ्या संशयापलीकडे काही आधार नाही, हे मी प्रतिज्ञापत्रावर लिहून सही केली आहे.

ती पाजणारी बाई पुढेच बसली होती. लेकरू आता रांगायला लागलंय. तिने माझ्याकडे बघत काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी वकीलबाईला विचारलं.

"सोडा, आजी."

उतरताना घाटात मी पुन्हा विचारलं. तिने चक्करीसाठी आणलेलं लिंबू माझ्या हातात ठेवलं.

अजून कोणाला बोलावणं आलेलं नाही. तो पोलीसही परत आला नाही, आदेश घेऊनही नाही. वही आणि प्रतिज्ञापत्र वकीलबाईच्या कपाटात कुलपात आहेत आणि किल्ली तिच्याकडे. सकाळी आम्ही चहा घेतो. माझं बिस्किट ती आता उचलत नाही. रविवारची जीप आपल्या गल्लीत थांबत नाही. तिची माणसं कोर्टामागच्या चिंचेखाली तिला भेटतात, असं शेठजींनी मला परवा सांगितलं, न विचारता. मी पेपर घेतला आणि घरी आले.