सॅमसनचं पथ्य

दुपारी ओट्यावर चार बायका वाती वळायला बसल्या की कापूस संपतो, पण किस्से संपत नाहीत. एकीचा किस्सा दुसरीच्या किश्शाला चिकटतो आणि गुंता वाढतच जातो. स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांत आमच्या रेवदंड्याच्या आळीत जेवढे किस्से साठले, त्यातले निम्मे तरी एका कुत्र्याच्या जेवणाचे!

दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, हे लहानपणापासून बघत आलेय. पण ती जेवतात काय, हे कुठल्याच पोथीत नाही हो!

* * *

आमच्या शेजारच्या रिव्काबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींपैकी. बोलणं आमच्यासारखं, नऊवारी आमच्यासारखी, फक्त देव वेगळा आणि शनिवार कडक. त्यांचं सगळं कुटुंब आगबोटीने इस्रायलला निघालं. भांडीकुंडी वाटली, घर विकलं, उरला सॅमसन. ग्रेट डेन जातीचा. त्यांच्या मुलाने रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाकडून पिल्लू म्हणून आणलेला, आणि तेव्हापासून वाढतच चाललेला.

रिव्काबाईंनी साखळी माझ्या हातात दिली.

"अहो, पण आमच्याकडे मासमच्छी नाही," मी म्हटलं. "त्याला दुसरं एखादं घर बघा ना."

"बघितली सगळी घरं. तुझ्याच घरात कोणी उपाशी राहत नाही. एक तू सोडून!"

मी हसले. त्याही हसल्या. मग दोघींनी डोळे पुसले. "याला उपाशी ठेवणार नाही," असा मी त्यांना शब्द दिला.

* * *

सासूबाईंनी त्याला अंगणात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा कुत्रा?"

"हो."

"मग वासरू केवढं असतं?"

'सॅमसन' हे नाव काही त्यांच्या तोंडात बसेना. त्यांनी संध्याकाळपर्यंत त्याचा 'श्याम' करून टाकला. तोही त्या हाकेला लगेच वळून बघू लागला. समोरच्या यमुनाकाकूंना लांबचं कमी दिसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून हिरव्या गवताची पेंढी आली. सोबत निरोप, "पहिल्या वेताची आहे का?"

* * *

पण श्याम जेवेना! वरणभात दिला, वर तूप सोडलं. हुंगला आणि तोंड फिरवून बसला. दूधभाकरी दिली, ती कावळ्यांनी नेली. आळीतल्या बायका रोज नवीन सुचवत. कोणी म्हणे नाचणीची आंबील, कोणी म्हणे नारळाचं दूध. यमुनाकाकू म्हणाल्या, "सोळा सोमवार कर."

"मी करू की त्याने?"

"तो करतोच आहे की!"

त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मागचे पाय उठताना थरथरत. रिव्काबाईंची बोट अजून समुद्रातच असेल आणि इथे माझा शब्द मोडायला आला! मी दत्तगुरूंना हात जोडले, "तो जेवेपर्यंत मी चहा घेणार नाही."

संध्याकाळी आमचे हे कचेरीतून आले, पाटावर बसले, चहाची वाट बघत राहिले. शेवटी सगळं कळलं तेव्हा म्हणाले, "अगं, नवस बोलण्याआधी मला विचारायचंस तरी! तू चहा सोडलास, म्हणजे या घरात चहा सुटलाच ना!"

* * *

मग यांनी मुंबईहून खास कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा आणला. विलायती. वर शेपटी ताठ केलेल्या कुत्र्याचं चित्र. श्यामने एक बिस्किट चाटलं आणि पायाने लांब सारलं.

नेमके रविवारी यांच्या कचेरीतले मोठे साहेब आले. मी देवघरात होते. यांनीच साहेबांपुरता चहा केला आणि गडबडीत फळीवरचा डबा काढून बशी भरली. मी बाहेर येईपर्यंत साहेबांनी तीन संपवली होती!

"जरा कडक आहेत," साहेब चौथं उचलत म्हणाले, "पण पोटाला हलकी वाटतात." समोर श्याम बसला होता. साहेब यांना म्हणाले, "कुत्र्याला वळण मात्र छान लावलंय हं तुम्ही. मघापासून बघतोय, एकही मागितलं नाही!"

* * *

शेवटी अलिबागहून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर बैलच तपासलेले. पण श्यामला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "वा, सवयीचा आकार आहे!"

त्यांनी पाय दाबले, जीभ पाहिली. "एवढ्या मोठ्या हाडापेराच्या कुत्र्याला तूपभात घालून लठ्ठ केलात, तर पायच जातील. याला मासळी हवी, अंडं हवं. दोन वेळा, बेताचं, रोज ठरल्या वेळी. आणि खाल्ल्यावर पळवायचं नाही."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "डॉक्टरांना सांगा, या उंबऱ्याच्या आत मासळी येणार नाही!"

"आजी, मग हा जगणार नाही," डॉक्टर म्हणाले.

  आतून पुन्हा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत.

"जेवण म्हणताय की औषध म्हणताय?"

डॉक्टर हुशार. "औषध, आजी!"

"मग परसात द्या."

* * *

कोळीवाड्यातली पारू आमच्या आळीत मासळी विकायला येई, आमचं दार तेवढं सोडून. तिला विनवलं. तिने श्यामला चोहोबाजूंनी पाहिलं.

"वैनी, ह्यो कुत्रा न्हाय, दर्यातला मचवा हाय! भरायचा कवा?"

तरी बिचारी मऊ भातात बोंबील शिजवून, काटे काढून घेऊन आली. पातेलं परसात ठेवलं. श्यामने हुंगलं आणि मान वळवली. पारूला असा अपमान सहन होणार? "आवं, अलिबागचं सायेब माजी मासली मागून खातान, नि ह्यो तोंड फिरवतो!"

मी तर रडायलाच आले. तेवढ्यात माजघराच्या खिडकीतून सासूबाई कडाडल्या.

"मेल्या! एवढं त्या बाईने रांधून आणलं आणि नखरे करतोस? तिकडे सून चहाविना वाळली! खातोस की येऊ बाहेर?"

श्यामने कान टवकारले. शेपूट हलली. आणि पातेल्यात तोंड घातलं ते चाटूनपुसूनच वर काढलं!

पारू कपाळावर हात मारून म्हणाली, "आगो बाय! रिव्काबायची सासू अश्शीच शिव्या देत बसायची त्याच्या म्होरं!"

त्या संध्याकाळी मी दोन कप चहा घेतला. यांनी तीन.

* * *

तेव्हापासून पारूने पातेलं आणायचं आणि सासूबाईंनी खिडकीत बसून रागवायचं, असं पथ्य लागलं. मी रागावून पाहिलं. माझ्याने होईना. श्याम माझी कीव केल्यासारखा बघे. सासूबाई रागवल्याशिवाय तो घास घेत नसे. हळूहळू पायांनी जोर धरला, अंग भरलं. "वेळ तेवढी चुकवू नका," डॉक्टर बजावून गेले.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. हे आणि मी पूजेला बसलेलो, उठायची सोय नाही. सासूबाई पहाटेपासून रेशमी सोवळ्यात, स्वयंपाकघराच्या दारात कोणाला उभं करत नव्हत्या. आणि पारूचा पाय मुरगळल्याचा निरोप आला! पातेलं तयार होतं, पण कोळीवाड्यात. परसात श्याम कण्हू लागला. मी कलशाकडे बघत होते, पण माझे कान मागे.

कथा संपली. नैवेद्याची वेळ झाली. गुरुजी म्हणाले, "आजींना बोलवा." आजी घरात नाहीत! देवघरात नाहीत, विहिरीवर नाहीत. गुरुजी स्वतःच अंगणाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

समोरून, कोळीवाड्याच्या वाटेने, सासूबाई येत होत्या. रेशमी सोवळं, काष्टा घट्ट खोचलेला. दोन्ही हातांत आंबे काढायची लांबलचक आकडी, पुढे धरलेली. आकडीच्या टोकाला टांगलेलं पारूचं पातेलं, त्यातून वाफ निघतेय, सुकटीचा वास साऱ्या आळीत. पातेल्याखालून मान वर करून श्याम चालतोय आणि सासूबाई त्याला वाटभर शिव्या देताहेत.

गुरुजी घाईघाईने दोन पावलं पुढे झाले. "आजी, थांबा, मी धरतो!"

"लांब व्हा गुरुजी, लांब व्हा!" सासूबाई ओरडल्या. "शिवाल! सोवळ्यात आहे मी!"