तेल किती पॉवर खातं?

शिकवणाऱ्याच्या नोट्स दर वर्षी रद्दीत जातात, किस्से मात्र साठतच राहतात. मी चिकलठाण्याजवळच्या एका कॉलेजात कारखान्यातल्या कामगारांना दर रविवारी डिप्लोमा शिकवते. बरेचसे विद्यार्थी माझ्याहून वयानं मोठे.

त्यांना सगळ्यात छळणारं गणित यंत्रात फिरणाऱ्या दांड्याचं, म्हणजे शाफ्टचं. शाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्यात शाफ्टभोवती तेलाचा पातळ थर असतो. तेल शाफ्टला धरून ठेवू पाहतं, दाट असेल तर जास्तच, आणि त्यात थोडी पॉवर वाया जाते. ती किती, हे काढायचं.

*

लेथवर काम करणाऱ्या नसीरभाईंचं उत्तर आलं सोळा किलोवॅट. मोटर होती दहाची!

“नसीरभाई, वरचे सहा आले कुठून?”

त्यांनी वहीकडे शांतपणे पाहिलं. “किसीने तारेवर आकडा टाकला असंल, मॅडम.”

त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता; सूत्रात तिचा घन असतो, म्हणून उत्तर आठपट झालं. खरं उत्तर दोन.

*

एकदा मी सांगितलं, तेलाचा थर जाड ठेवला तर पॉवर कमी वाया जाते. वर विचारलं, “मग जाडच का नाही ठेवत?”

मागून करमाडचे सुखदेवराव म्हणाले, “सैल जोड्यात पाय मोकळा राहतो, मॅडम. पण माणूस तोंडावर पडतो.”

त्या दिवशी पुढचं पान शिकवायची गरजच उरली नाही.

*

सुखदेवराव आज सुपरवायझर आहेत. तेव्हा मात्र वीस वर्षं ऑपरेटरच होते आणि याच विषयात दोनदा नापास झाले होते. “घरी सगळं येतं, मॅडम. कागद समोर आला की सूत्रच आठवत नाही,” म्हणायचे.

तिसऱ्या खेपेच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मी शेजारीच बसले होते. त्यांनी सूत्र विचारलं. सुखदेवराव अर्ध्यावर अडकले, रुमालानं कपाळ पुसत राहिले.

“बरं, सूत्र राहू द्या,” परीक्षक म्हणाले. “वाया गेलेली पॉवर जाते कुठं, एवढं सांगा.”

“वाया नाय जात, साहेब.”

मी डोळे मिटले. गेलं हेही वर्ष!

“आमचा डबा गरम होतो तिच्यावर. बेअरिंगच्या झाकणावर ठेवतो आम्ही.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “किती वेळ लागतो?”

“पाऊण तास. मशीनचा स्पीड वाढवला तर लई लवकर.”

“आणि पातळ तेल टाकलं तर?”

“मग गारच जेवावं लागतं, साहेब.”