ओ आली का?

“ओ आली का?” असे सर विचारत, तेव्हा चहाची बशी त्यांच्या ओठांपाशी थांबलेली असे. या प्रश्नाला मी सलग दोन वर्षे खोटे उत्तर दिले. ही गोष्ट पुढे बरीच वर्षे मी कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही.

उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात आम्ही मानसशास्त्र शिकवत असू. सर विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. विभागात आम्ही दोघेच. छापलेला लेख म्हणजे हाक, असे ते म्हणत. दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात तिचा उल्लेख केला, की ओ आली. त्यांचे तीन लेख परदेशी नियतकालिकांत आले होते. अशी माणसे तुमच्याही पाहण्यात असतील. शेजाऱ्यांना त्यांची किंमत बाहेरगावच्या पाकिटांवरून कळते.

तिन्ही लेख मोरिवलीच्या कारखान्यांतल्या पाळ्यांवर होते. सकाळी रात्रपाळी सुटे, तेव्हा सर स्टॉपवॉच घेऊन फाटकाशी उभे असत. अक्षरांनी भरलेला कागद देऊन ते कामगारांना दोन मिनिटांत सगळे ‘क’ खोडायला सांगत. थकव्याने चुका किती वाढतात, हे त्यांना पाहायचे होते.

“सर, क खोडू की झोप काढू?” एक फिटर विचारी.

“आधी क, मग झोप. आणि चुकलास तर लाजू नकोस बाबा, माझं पोट त्यावरच आहे.”

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला सिंधी झेरॉक्सवाला लेखाच्या प्रती काढताना हसे. “साईं, इतनी कॉपी? घर में शादी है क्या?”

“शादीच समझो. कोण कोण येतंय, बघू.”

दिवाळीच्या सुटीत मी माझ्या प्रबंधासाठी मुंबईच्या एका ग्रंथालयात जाई. कोणाच्या लेखाचा उल्लेख कोणी केला, हे सांगणारे जाडजूड वार्षिक खंड तिथे असत. सरांचे गुडघे जिने चढू देत नसत, म्हणून ते पाहण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या वर्षी प्रामाणिकपणे पाहिले. त्यांचे नाव नव्हते. पुढची दोन वर्षे मी खंड उघडलाच नाही. कंटाळा होता, हे खरे. पण आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या कंटाळ्याखाली पाहतो, तर आणखी काही सापडते. माझा तोवर एकही लेख छापून आला नव्हता, आणि सरांना ओ न येणे मला बरे वाटत होते.

“ओ आली का?”

“नाही, सर.”

“बरं.” त्यांनी बशी खाली ठेवली. “लांब आहेत ना ते. ऐकू जात नसेल.”

त्याच कामगारांना दहा वर्षांनी पुन्हा तपासण्याचा त्यांचा बेत होता. माझ्या दुसऱ्या खोट्या उत्तरानंतर आठवडाभरात त्यांनी स्टॉपवॉच क्रीडाशिक्षकांना देऊन टाकले. “पळणाऱ्यांना तरी उपयोग होईल,” एवढेच म्हणाले. मोरिवलीला ते पुन्हा गेले नाहीत.

पुढे माझा पहिला लेख छापून आला. माझी ओ शोधायला मी त्या खंडांची पाच वर्षांची एकत्रित आवृत्ती उघडली. माझी नव्हती. सरांच्या नावाखाली मात्र चार ओळी होत्या. चारही त्या दोन वर्षांतल्या. मी त्या पानाची प्रत काढून घेतली, आणि सर निवृत्त होईपर्यंत त्यांच्यासमोरच्या खुर्चीत गप्प बसत राहिलो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका रविवारी मी बदलापूरला, मांजर्लीतल्या त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर नदीच्या पुराची रेघ होती.

“कामगारांचे कागद गेले सगळे,” सर म्हणाले. “निदान नदीनं तरी वाचले.”

वहिनींनी चहा आणला. सरांनी तो बशीत ओतला, ओठांपाशी नेला आणि जुन्या सवयीने, थट्टेने विचारले, “काय मग, ओ आली का?”

खिशातल्या त्या प्रतीवर माझा हात होता. ती बाहेर काढण्याआधी मी बोललो.

“आली होती, सर. चारदा आली होती. मी पाहिलंच नव्हतं, आणि तुम्हाला नाही म्हणून सांगितलं. तुमचं काम माझ्यामुळे थांबलं. माझं चुकलं, सर. मला क्षमा करा.”