आईच्या हाताची जाडी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले आणि सोलापुरातल्या एका इस्पितळात, त्वचा विभागात मशीनवर लागले. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. मशीन म्हणजे सोनोग्राफीच, पोटाऐवजी कातडी बघणारी. सुई नाही, चिरफाड नाही. हातावर जेल लावायचं, प्रोब सरळ धरायचा, दाबायचा नाही. पडद्यावर वर एक उजळ रेघ उमटते, कातडी संपते तिथून खाली काळं. मधलं अंतर मोजायचं. बास.

त्या प्रोबखाली एक दिवस माझ्या आईचा हात आला.

आईनं जन्मभर मेंढरं राखली. उतारवयात तिच्या हातांची कातडी आवळत, जाड होत चालली. आधी बोटं मिटेनात, मग शेळीची धार काढता येईना, मग भाकरी थापता येईना. आमच्या डॉक्टरांनी जाडी मोजून औषध चालू केलं. ते लिव्हरला जड, म्हणून त्यांनी आधीच सांगितलं होतं, तीन महिन्यांनी पुन्हा मोजू; जाडी उतरली तर चालू ठेवू, नाहीतर बंद. औषध लागू पडत होतं. मी सुट्टीला गेले तेव्हा तिनं चोळीची गाठ स्वतः मारली होती आणि शाळेतल्या पोरीनं बक्षीस दाखवावं तशी ती मला दाखवली.

मोजायच्या दिवशी ती पहिल्या एसटीनं आली. पदराखाली धरलेला तिचा हात मी पुढं घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत हात लालभडक, सुजलेला, ओरखड्यांनी भरलेला.

"काय केलंस गं हे?"

"वजरीनं घासलं. साबनानं मेंढराचा वास जात न्हाय. तुज्या सायबाम्होरं हात द्यायचा, घान कसा देऊ?"

वजरी टाचा घासायची. पण आमच्या वस्तीवरच्या बायका, शहरात जायचं म्हटलं की त्याच वजरीनं हातही घासतात. आई जरा जास्तच घासते, त्याला कारण आहे. माझ्या पदवीच्या कार्यक्रमाला ती आली होती. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि उठून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी पदवी घेऊन खाली आले, तर आई खुर्ची सोडून भिंतीला लागून उभी.

मोजलं. जाडी वाढलेली. वाढणारच की, सुजलेल्या कातडीत पाणी भरतं. मी डॉक्टरांना म्हणाले, तिनं हात वजरीनं घासलाय, हा आकडा धरू नका, सूज उतरू द्या, आठ दिवसांनी पुन्हा बोलावू. ते म्हणाले, लाली आजाराचीही असू शकते. डॉक्टर माणूस चांगला, म्हणजे आवाज चढवत नाही. हसून पुढं म्हणाले, "पेशंट आपली आई असली की मोजणाऱ्याला आकडा पटत नाही."

मग दुसऱ्या टेक्निशियनला मोजायला लावलं. आकडा तोच आला. तोच येणार, हात तोच होता. हे मशीन कुठं फसतं ते नवीन लोकांना शिकवायला एरवी मलाच उभं करतात. त्या दिवशी मी फक्त मेंढरंवालीची पोरगी होते.

औषध बंद झालं.

स्टँडवर मी तिला चहा पाजला. कप तिनं दोन्ही तळव्यांत दाबून धरला. खूश होती.

"आज कुनी नाकाला पदर लावला न्हाय," ती म्हणाली. "डागदर तर पार जवळ बसला हुता की."

मी व्हय म्हणाले. औषध बंद केलंय, हे मी तिला सांगितलं. कशामुळं, ते आजवर सांगितलेलं नाही.

गेल्या खेपेला चोळीची गाठ तिनं मला मारायला लावली. शहरातून आलेल्या लेकीजवळ बसायचं, म्हणून त्याआधी ती हात घासून आली होती.