पार्बताबाईचा पालक

पार्बताबाई माळणीचा पालक साऱ्या बडनेऱ्यात नावाजलेला, आणि नावाजणाऱ्यांत पहिला नंबर तिचा स्वतःचाच. गिऱ्हाइकाचा चेहरा जरा फिक्कट दिसला, की एक जुडी फुकट त्याच्या पिशवीत. "हे खाय. आठ दिवसांत लाल होतं का नाई, पाह्य!" नको म्हणायची कोणाची छाती नव्हती.

एकोणपन्नास साली तिची धाकटी बहीणच पांढरी पडू लागली. शकुन अकोल्याला दिलेली. मग काय, दर गुरुवारच्या गाडीनं पार्बताबाई आणि फुगलेली थैली अकोल्यात हजर! तिथल्या डॉक्टरांनीही रक्तवाढीच्या नव्या पिवळ्या गोळ्या सुरू केल्या. तरी शकुन खंगतच चालली, तेव्हा रक्ताची काच मुंबईला तपासायला गेली.

डॉक्टरांनी पार्बताबाईला बाजूला घेतलं. "रक्ताचाच कॅन्सर आहे. तुमच्या पालकातलं सत्त्व आणि या गोळीतलं एकच, फॉलिक ॲसिड. रक्त बनायला ते लागतंच. पण या आजारात ते रोगालाच पोसतं, असं विलायतेच्या मासिकात आलंय. गोळ्या बंद, पालेभाजी बंद."

"म्हंजे खत टाकावं वांग्याले, अन् फोफावावं हरळीनं?"

"अगदी तसंच."

जन्मभर हरळी उपटलेली बाई ती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पण इतके गुरुवार आपणच हरळीला खत घातलं, या विचारानं परतीच्या गाडीत तिला रडू आवरेना.

पुढच्या गुरुवारी थैलीत दोडके. शकुनला खरं कोणी सांगितलं नव्हतं. ती भडकली, "बाई, पालक काहून नाई आनला? दोडके काय मानसं खातात?" पार्बताबाई मान खाली घालून दोडके सोलत राहिली. असे सहा गुरुवार गेले.

सातव्या गुरुवारी शकुन उशीला टेकून हसत होती. "बाई, डाक्टर म्हने, आता काईबी खा! पथ्य सुटलं माह्यं. मी बरी होऊन राहिली!"

पार्बताबाईनं दाराशी उभ्या डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली.

ती तशीच बाजारात गेली. दुसऱ्याच्या मळ्यातला पालक तिनं आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतला, कुठलीही खोड न काढता. चुलीपुढं बसून भाजी केली, अन् बहिणीला आपल्या हातानं भरवली.

दोन घास खाऊन शकुन म्हणाली, "तुह्या मळ्यातला नाई वाटते हा."

"माह्याच मळ्यातला हाय," पार्बताबाई म्हणाली. "खाय."